बाजीच्या दोन केटी

"मॅडम, माझं चुकलं तर ते फक्त माझं चुकत नाही."

मी समुपदेशक. हे वाक्य मी वसईच्या ख्रिस्ती मुलाकडून ऐकलंय, नांदेडहून शिकायला आलेल्या शीख मुलीकडून ऐकलंय, उल्हासनगरच्या बौद्ध मुलाकडूनही. सगळी विशी-पंचविशीतली आणि बहुतेक जण आपल्या वस्तीतल्या पोरांसाठी धडपडणारी. म्हणून रुखसानाबद्दल लिहिते. (नाव आणि खुणा बदलल्या आहेत. तिला विचारूनच लिहितेय.)

रुखसाना तेवीस वर्षांची, मुंब्र्याजवळच्या कौशातल्या कोकणी मुसलमान घरातली. "तुझं मराठी किती छान!" असं कुणी म्हटलं की तिला हसावं की रडावं कळत नाही, कारण घरात पिढ्यान् पिढ्या तीच भाषा. दर रविवारी ती मुंब्र्यात अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या युवा नेतृत्व वर्गात स्वयंसेवक म्हणून जायची. शिष्यवृत्तीचे फॉर्म, चारचौघांत उभं राहून बोलणं, अर्ज लिहिणं. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हा तिचा खास धडा.

१८ डिसेंबरला, अल्पसंख्याक हक्क दिनी, ती मुलांना घेऊन अभ्यासिकेच्या मागणीचा अर्ज द्यायला ठाण्याच्या पालिकेत निघाली. लोकलमध्ये दोन पोरांनी दंगा केला. एक काका पुटपुटले, "ये लोग सुधरेंगे नहीं." रुखसानानं त्यातल्या एकाच्या सगळ्यांदेखत कानाखाली लावली. पुढचे तीन रविवार ती वर्गाकडे फिरकली नाही.

पहिल्या भेटीत चूक माझी झाली. मी म्हटलं, "अगं, एका माणसावरून सगळ्या समाजाची पारख कुणी करत नाही."

ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, ठाण्यात भाड्यानं घर बघताना तुम्हाला आधी आडनाव विचारतात का?"

मी गप्प. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी विवेकनिष्ठ विचारात घडलेली, म्हणजे आपल्याला प्रसंगापेक्षा त्याबद्दलच्या आपल्या हट्टी समजुती जास्त छळतात, असं मानणारी. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेला आणि कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत पोचवलेला हा विचार मी वर्षानुवर्षं वापरतेय. आणि तरी मी चुकीच्या वाक्याशी भांडत होते. लोक एकावरून सगळ्यांना मापतात, ही रुखसानाची समजूत नव्हतीच, तो तिचा अनुभव होता. भांडायला हवं होतं ते त्याच्या पुढच्या, न बोललेल्या वाक्याशी.

पुढच्या वेळी मी म्हटलं, "लोक मापतात, मान्य. म्हणून तू काय ठरवलंयस?"

तिनं माझ्या वहीत लिहिलं: मी नीट बोललंच पाहिजे. मुलं शिस्तीत वागलीच पाहिजेत. माझ्याकडून चूक होताच कामा नये.

"यातले 'च' खोडून वाच बघू."

पहिली दोन वाक्यं तिनं वाचली. तिसऱ्याशी अडखळली. "'च' गेला तरी हुकूम आहेच की, मॅडम. कामा नये." बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग ती ओळ पूर्ण खोडून तिनं खाली लिहिलं: माझ्याकडून चूक होऊ नये असं मला फार वाटतं. ते मोठ्यानं वाचलं आणि रडायला लागली.

'च' खोडून घेण्याची युक्ती माझी, जुनी, हमखास चालणारी. पण त्यापुढची पायरी या मुलीनं स्वतः शोधली. आता मी ती सगळ्यांना सांगते, थोड्या ऐटीत.

नंतर कळलं, इंजिनिअरिंगला तिला दोन केटी लागल्या होत्या, म्हणजे दोन विषय राहिले होते, आणि वर्गापासून तिनं त्या लपवल्या होत्या. कारण पहिल्याच दिवशी संयोजकांनी मुलांना सांगितलं होतं, "बाजीसारखे बना." बाजी म्हणजे ताई, अर्थात रुखसाना. कौतुकाचाही फास बसतो. ती चौथ्या रविवारी गेली, त्या पोराची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि केटीचं सांगून टाकलं. वर्ग चिडीचूप. मग मार खाल्लेल्या त्याच पोरानं विचारलं, "बाजी, फिर अब्बूने मारा क्या?" सगळे हसले. वर्ग सुटल्यावर अकरावीची एक मुलगी मागे रेंगाळली. गणितात नापास झाल्याचं तिनं घरी सांगितलं नव्हतं.

असे वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. स्वयंसेवकाला समाजाचा चेहरा करू नका. पाहुणे आले की दर वेळी तीच हुशार मुलगी पुढे करू नका. अडखळणाऱ्यालाही माइक द्या. आणि स्वयंसेवकांनो, तयारी करून जाणं, वेळ पाळणं, फॉर्म मुदतीत भरून घेणं तुमच्या हातात आहे, त्याचा हिशेब जरूर ठेवा. डब्यातल्या काकांचं मत तुमच्या हातात नाही. ते बोचेल, बोचू दे. उत्तर द्यावंसं वाटलं तर काकांना द्या, पोराला नको. हात उचलणं मात्र चूकच, आणि तिथला 'च' मी खोडू देत नाही.

समुपदेशक मित्रांनाही एक सांगते. समोरच्याच्या वाट्याला आलेला भेदभाव 'तुझ्या मनाचे खेळ' म्हणून उडवून लावू नका. माझा एक आठवडा त्यात गेला.

अर्जाचं पालिकेत अजून भिजत घोंगडं आहे. पोच रुखसानाकडे आहे, दर महिन्याला मुलं विचारायला जातात. परवा तिचा मेसेज आला: "आज परत ट्रेनमध्ये दंगा. मी ओरडले. पण फक्त आवाजासाठी."