‘शुद्ध चेतनेचा अनुभव’ की ‘शुद्ध चैतन्याचा’?

‘आत्मज्ञान म्हणजे शुद्ध चेतनेचा अनुभव’ या वाक्यात ‘चेतना’ऐवजी ‘चैतन्य’ किंवा ‘जाणीव’ घातल्यास अर्थ बदलतो का, असा प्रश्न आहे. माझ्या मते बदलतो, आणि वेदान्ताच्या अंगाने लिहिताना येथे ‘चैतन्य’ हाच शब्द योग्य ठरतो.

चेतना आणि चैतन्य या दोहोंच्या मुळाशी ‘चित्’ हाच धातू असला, तरी परंपरेने त्यांना एका पातळीवर ठेवलेले नाही. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राची, म्हणजे जे जाणले जाते त्याची, गणना करताना इच्छा, द्वेष, सुख आणि दुःख यांच्याच पंक्तीला चेतना बसवली आहे. ते जाणणारा क्षेत्रज्ञ, म्हणजे आत्मा, तिच्याहून वेगळा. त्यावरील भाष्यात शंकराचार्य तापलेल्या लोहगोलाचा दृष्टान्त देतात. गोळ्यातली धग जशी मुळात अग्नीची, तशी अंतःकरणाच्या वृत्तीत प्रकटणारी चेतना आत्मचैतन्याच्या आभासाने आलेली असते, आणि ती स्वतः ज्ञेय, म्हणजे जाणली जाणारी, असल्यामुळे क्षेत्रातच मोडते. मराठीतला रोजचा वापरही याला धरूनच आहे: चेतना हरपते आणि परत येते. पाली बौद्ध परंपरेत तर चेतना म्हणजे कर्मामागचा संकल्प, त्यामुळे तिकडचे उतारे वाचताना हा शब्द अधिकच जपून घ्यावा लागतो.

जाणीव नेहमी कशाची तरी असते: भुकेची, कर्तव्याची, चुकीची. ‘भुकेचे चैतन्य’ असे कोणी म्हणत नाही. म्हणूनच ‘जाणिवेचा विस्तार’ हा प्रयोग मला चुकीचा वाटत नाही, कारण ध्यानात श्वासाची किंवा विचारांच्या उगवण्या-मावळण्याची जाणीव खरोखरच सूक्ष्म होत जाते. ‘चैतन्याचा विस्तार’ मात्र पटत नाही, कारण जे मुळातच सर्वव्यापी मानले आहे ते आणखी कोठे पसरणार? शिवाय जाणिवेला नेणीव, म्हणजे न जाणणे, जोडलेली असते. हरिपाठात ‘जाणीव नेणीव भगवंतीं नाहीं’ असे म्हणताना ज्ञानदेव दोन्ही एकदमच बाजूला सारतात. (मानसशास्त्रातला ‘अबोध मन’ हा नेणिवेचा अर्थ येथे लावू नये.)

मला खरी अडचण वाटते ती ‘अनुभव’ या शब्दाची. अनुभव म्हटला की अनुभवणारा एक आणि अनुभवाचा विषय दुसरा, अशी फोड आपोआप होते. ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी आत्मरूपाला ‘स्वसंवेद्या’, म्हणजे स्वतःच स्वतःला जाणणाऱ्या, अशी हाक मारते, तिथे ही फोड उरतच नाही. त्यामुळे ‘आत्मज्ञान म्हणजे आपण शुद्ध चैतन्यच आहोत असा अपरोक्ष बोध’ (अपरोक्ष म्हणजे थेट, मध्ये काही न येता होणारा) अशी रचना मी सुचवीन. यातले ‘शुद्ध’ हे विशेषण मात्र गाळू नये, कारण ‘घरात चैतन्य आले’ यासारख्या वाक्यांमुळे नुसत्या ‘चैतन्य’ शब्दातून आज आधी उत्साहच कानी पडतो.