'पॅलिएटिव्ह'ला मराठीत काय म्हणावं?

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे : "सासऱ्यांना कॅन्सर आहे, वय ८१. दवाखान्याच्या कागदावर 'उपशामक उपचार' असं छापलंय. घरातल्यांनी त्याचा अर्थ 'आता काही उरलं नाही, घरी न्या' असा घेतला आणि रडारड झाली. हा शब्द बरोबर आहे का? दुसरा आहे का?"

ताई, 'उपशामक उपचार' म्हणजे इंग्रजीतलं 'पॅलिएटिव्ह केअर', आजाऱ्याचा त्रास कमी करणारे उपचार. व्याकरणानं शब्द बरोबर आहे. 'शम्' म्हणजे शांत होणं, त्याला 'उप' लागलाय. पण आपल्याला 'शमन' भेटतं ते अग्निशमन दलात आणि 'शामक' भेटतं ते झोपेच्या गोळीत. कानाला विझवणंच ऐकू येतं. घरचे घाबरले ते यामुळेच असावेत.

'पॅलिएटिव्ह' आला लॅटिन 'पॅलियम'वरून. पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र. सोलापुरात हे चादरीवरूनच सांगावं : बाहेरची थंडी हटत नाही, पण चादर पांघरली की रात्र निभते. गंमत म्हणजे 'पांघरूण घालणे' याचा आपल्याकडे जो दोष झाकण्याचा अर्थ आहे, तोही 'पॅलिएट' या इंग्रजी क्रियापदात आहे. १९७० च्या दशकात मॉन्ट्रिअलचे डॉ. बाल्फर माउंट यांनी आजाऱ्यांच्या या सेवेला हे नाव मुद्दाम दिलं, कारण अखेरच्या आजारातल्या माणसांच्या सेवाघराला इंग्रजीत 'हॉस्पिस' म्हणत, आणि तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्यांना 'हॉस्पिस' म्हटलं की निराधारांचा आसरा आठवायचा. नावानंच माणसं दचकतात ही अडचण तिथंही होतीच.

केरळात हे काम गावोगाव पोचलंय आणि मल्याळममध्ये त्याला 'सांत्वन परिचरण' म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण आपल्याला उसना घेता येणार नाही. आपण सांत्वनाला जातो ते माणूस गेल्यावर.

मला वाटतं, उत्तर आपल्या 'दुखणं' या शब्दात आहे. मराठीत आजारही दुखणं आणि वेदनाही दुखणं. 'आबांचं दुखणं जाणार नाही' असं डॉक्टर म्हणाले तर ते आजाराबद्दल असतं. ऐकणारा मात्र वेदनाही जाणार नाहीत असं धरून बसतो. हे खरं नाही. धाप, मळमळ, झोप न येणं, मनातली भीती, या सगळ्यावर उपाय असतात आणि ते मूळ आजाराच्या औषधांसोबत, अगदी निदान झाल्यापासून सुरू करता येतात. शेवटच्या आठवड्याची वाट पाहायची नसते. वेदना फार असल्या तर मॉर्फिनही देतात. त्याच्या नावानं घाबरू नका, डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा.

लिहायला मी 'शुश्रूषा' सुचवेन. हा शब्द 'श्रु'पासून झालाय आणि त्याचा मूळ अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ नंतर आला. माझी आत्या सोलापुरातच अंथरुणाला खिळली होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, ओल्या कापसानं ओठ पुसायचे, एवढं आम्ही शिकलो होतो. पण रात्री दोनला ती म्हणायची, "ऐक की रे", आणि गिरणीचा भोंगा वाजला की तिची आई कशी धावत सुटायची ते सांगायची. तेच सांगणं, रोज. ऐकून झालं की तिचा श्वास संथ व्हायचा. हा शब्द मला तेव्हा कळला.

घरात बोलायला त्याहून जवळचा शब्द आहे, 'उस्तवार'. म्हाताऱ्या माणसाची, बाळंतिणीची उस्तवार करतात. त्यात कुणी हरल्याची भावना नाही. तेव्हा सासूबाईंना सांगा, "दवाखान्यानं मामंजींना सोडून दिलेलं नाही. त्यांचा त्रास कमी करायचा आणि नीट उस्तवार करायची, असं लिहिलंय."

कागदावर मात्र 'वेदनाशमन व शुश्रूषा' असं छापावं. एकट्या 'वेदनाशमन'मध्ये धाप आणि भीती मावत नाही. आणि लिहिताना पहिला 'शु' ऱ्हस्व, दुसरा 'श्रू' दीर्घ. 'सुश्रुषा' लिहिलं की त्यातलं ऐकणंच निघून जातं.