डबा दाराबाहेर ठेवल्यानंतर

अनेक आशीर्वाद.

घरात ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे डबे वेगळे केलेस, हे वाचून आनंद झाला. मात्र ‘राजकारणाशी मला कर्तव्य नाही, मी आपली माझ्यापुरते पर्यावरण सांभाळते’ हे तुझे म्हणणे मला पटलेले नाही. डबा दाराबाहेर ठेवल्यावर पुढे जे काही घडते, ते बहुतेक राजकारणच असते.

तू पुण्यात राहतेस, म्हणून तिथलेच सांगतो. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात ओतला गेला, विहिरी नासल्या, डेपोला आगी लागल्या. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि रस्त्यांवर ढीग साचले, तेव्हा कुठे शहराला या गावांची आठवण झाली. त्या आंदोलनांच्या काळात ही गावे महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. कचरा कुठे टाकायचा याचा ठराव ज्या सभागृहात होई, तिथे त्यांचा एकही नगरसेवक नव्हता; हद्दीत ती आली २०१७ साली, आणि २०२४ मध्ये पुन्हा वगळली गेली. मत मात्र तुझ्यामाझ्यासारख्यांकडे होते, आणि आपण ते कचऱ्यावरून कधी दिले नाही.

तुझ्या दारी येणारी कचरावेचक बाई बहुधा ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेची असेल. ही संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून काम करते, म्हणजे त्या बाईची रोजीरोटीही राजकीय निर्णयावर टांगलेली आहे. दही लागलेली पिशवी पुठ्ठ्याला चिकटली, तर त्या पुठ्ठ्याला भंगारच्या दुकानात भाव मिळत नाही; तेव्हा पिशवी धुऊन दे, आणि सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून, ते ओळखू यावे म्हणून त्यावर लाल ठिपका काढ. एवढे केलेस, की कराराच्या नूतनीकरणाचा विषय निघेल तेव्हा आपल्या नगरसेवकाला गाठून त्याची भूमिका विचार. पक्षात जाण्याचा आग्रह मी धरत नाही. जावेसे वाटले तर अवश्य जा.

तूर्त माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात दे: ‘आमच्या प्रभागातील ओला कचरा कोणत्या प्रकल्पात जातो आणि गेल्या वर्षभरात तो प्रकल्प किती दिवस बंद होता?’ महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे पाल्हाळ टाळ. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लाव, पोच घ्यायला विसरू नकोस आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच कार्यालयात पहिले अपील दाखल कर.