बसलं की दुखतं, निजलं की थांबतं

प्रश्न : डॉक्टरसाहेब, लेक बाळंतपणाला आलीय. कमरेत सुई देऊन सिझर झालं. 4 दिवस उठून बसली की डोकं ठणकायचं, आडवी झाली की थांबायचं. कालपासून निजूनही थांबंना. विहीणबाई म्हणतात, ओल्या बाळंतिणीला पाणी कमी द्या.
– एक आई, औसा

उत्तर : ताई, आधीचं दुखणं सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपल्याचं वाटतं, ते बहुधा 8-15 दिवसांत आपसूक जातं. पण निजूनही थांबेना, हे मला खटकतंय. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तर असं होऊ शकतं. बाळंतपणानंतर 6 आठवडे रक्त लवकर गोठतं. आजच लातूर गाठा, एमआरआय व्हेनोग्राफीचं, म्हणजे मेंदूच्या शिरा दाखवणाऱ्या तपासणीचं, विचारा. साध्या सीटी स्कॅनमधून गुठळी निसटू शकते. झटका आला, अंधुक दिसलं, हातपाय लुळा पडला तर मध्यरात्रीही निघा. आणि पाणी तोडू नका! विहीणबाईंना माझं नाव सांगा.