हँड कटर उलटा बसवून टेबल सॉ केलाय, बोटं कशी सांभाळू?

तुम्ही विचारलंय की परभणीत घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये फर्निचरचं काम सुरू केलंय, चार इंची हँड कटर प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवलाय, स्विच दाबून त्यावर चिकटपट्टी लावलीय आणि पट्ट्या चिरताना बोटांची भीती वाटते, तर काय काळजी घेऊ? मी लातूरला 18 वर्षं हेच काम करतोय. सगळ्यात आधी ती चिकटपट्टी काढा.

कारण आपल्याकडची लाईट. फळी अर्धी चिरून होते, लाईट जाते, पातं फळीतच थांबतं. आपण फळी सोडवायला नाहीतर भुसा झाडायला हात घालतो आणि तेवढ्यात लाईट येते. चिकटपट्टीवाला कटर लगेच फिरायला लागतो. टेबलाच्या पुढच्या बाजूला, गुडघ्यानेही बंद करता येईल अशा जागी, बटणाचा स्टार्टर बसवा. शेतातल्या मोटारीला असतो तसाच, पण तुमच्या कटरच्या ॲम्पिअरला जुळणारा. त्यातली नो-व्होल्ट कॉइल लाईट गेली की सुटते. मग लाईट आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. रात्री उठावं लागू नये म्हणून शेतकरी मोटारीच्या स्टार्टरला ऑटो लावतात, म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप चालू होते. करवतीला ऑटो अजिबात नको. इलेक्ट्रिशियनला हे तोंडाने सांगा, नाहीतर तो सवयीने जोडून देईल.

आता बोटांचं. बोट पात्यापर्यंत बहुतेकदा लाकूडच ओढून नेतं. पात्याचे पुढचे दात खाली जातात, ते फळीला टेबलावर दाबतात. मागचे दात वर येतात. चीर मिटून पात्याला चिमटली, किंवा फळी मागच्या बाजूला फेन्स (फळी जिला टेकवून सरळ सरकवतो ती टेबलावरची आधारपट्टी) आणि पात्याच्या मध्ये अडकली, की हे मागचे दात तिला उचलून तुमच्या अंगावर फेकतात. माझ्या 10 इंची पात्याचे मिनिटाला 4000 फेरे होतात, म्हणजे दातांचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास. फळी निसटली की तिच्यावर टेकलेला हात थेट पात्यावर जातो.

माझ्या वेळी ती बाभळीची फळी होती, आतून ओली. हातभर चिरली आणि चीर मिटायला लागली. मोटारीचा आवाज जड झाला, जळका वास आला. तिथेच बंद करायचं, तर मी जोर लावला. फळी उसळून मांडीवर बसली आणि डाव्या अंगठ्याचं टोक नखासकट गेलं.

हातकरवतीने लांब फळी चिरताना जुने सुतार चिरेत पाचर मारायचे, चीर उघडी राहावी म्हणून. मशीनवर पात्यामागे उभी असते ती पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ, म्हणजे हीच पाचर. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि चिरेपेक्षा पातळ हवी. अडचण होते म्हणून पुष्कळ जण ती काढून ठेवतात. मीही काढली होती. तुमचं पातं वरखाली होत नसेल तर पात्यामागे, चिरेच्या अगदी रेषेत, तशी पट्टी टेबलातच पक्की बसवून घ्या. एवढं एक काम केलंत तरी निम्मी भीती जाईल.

मग फेन्स. पात्याच्या पुढच्या दातापासून फेन्सपर्यंतचं आणि मागच्या दातापासूनचं माप सारखं हवं. मागे अर्धा मिलिमीटर जास्त चालेल, कमी कधीच नाही. माप घेताना प्लग काढलेला असू द्या. फळीची जी कड फेन्सला लागते ती आधी रंधून सरळ करा. वाकडी कड फेन्सवर डुलते आणि अडकते. आणि आडवं कापताना तुकडा फेन्सला टेकवू नका, तो तिरका होऊन हमखास उडतो.

पातं लाकडाच्या वर 3 ते 5 मिलिमीटर इतकंच दिसू द्या. उभं राहताना पात्याच्या रेषेत नको, थोडं डावीकडे. हात पात्यापासून वीतभर लांब. त्याच्या आत ढकलकाठी. 12 एमएम प्लायच्या तुकड्याला खाच पाडली की ती तयार होते, दोन करून टेबलालाच टांगा. हातमोजे घालू नका. गळ्यात दस्ती, मनगटात धागा किंवा कडं, बोटात अंगठी नको. चष्मा मात्र हवाच. बंद केल्यावरही पातं काही सेकंद फिरतं, तोवर बारीक तुकडे उचलू नका. पात्यावर छापलेला आरपीएम (मिनिटाचे फेरे) कटरच्या आरपीएमपेक्षा कमी तर नाही ना, तेही बघा. चार इंची कटर बरेच जोरात फिरतात.

खरं सांगतो, या टेबलावर प्लायच्या पट्ट्या काढा, पण इंचभर जाडीचा साग किंवा बाभूळ चिरू नका. ते आरा मशीनवरून चिरून आणा, थोडे पैसे जातील ते जाऊ द्या.

आणि मदतीला असलेल्या पोराला हे आत्ताच सांगून ठेवा: बोट तुटलंच तर जखम स्वच्छ कापडाने दाबून हात वर धरायचा, 108 ला फोन करायचा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते गोठून खराब होतं आणि जोडता येत नाही.

टेबलाची मापं आणि पात्याची जाडी इथे लिहा, पाचर किती जाडीची लागेल ते सांगतो.