चूक कोडची की कंपायलरची?

प्रश्न : सोलापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा सी प्लस प्लस कोड जुन्या कंपायलरवर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) चालायचा. नवी आवृत्ती टाकल्यावर ‘कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट आहे’ अशी एरर येते. म्हणजे ऑब्जेक्ट तयार करणारा क्लासचा भाग बाहेरून वापरायला बंद आहे. मूळ म्हणजे बेस क्लासचा कन्स्ट्रक्टर पब्लिक, सर्वांना खुला आहे. तो वारशाने घेणारी ‘यूजिंग’ची ओळ तेवढी मी त्यावरून बनवलेल्या डिराइव्हड क्लासच्या प्रायव्हेट भागात लिहिली. सर म्हणतात, ओळ वर पब्लिकमध्ये घे आणि पुढे चल. मला मात्र कंपायलरच्या या कामातच रस वाटतो. वडील यंत्रमागावर आहेत. ते विचारतात, यात पोट भरेल का?

उत्तर : सरांचा उपाय प्रोजेक्टपुरता ठीक आहे, पण नियम तुझ्या बाजूने आहे. एरवी यूजिंगची ओळ ज्या भागात असेल तो भाग मोजला जातो. कन्स्ट्रक्टर याला अपवाद. तो वारशाने घेण्याची सोय 2011 च्या सी प्लस प्लसमध्ये आली तेव्हापासून बेस क्लासमध्ये तो पब्लिक आहे की प्रोटेक्टेड (फक्त त्यावरून बनलेल्या क्लासना खुला), एवढंच पाहिलं जातं. बेसमधला प्रोटेक्टेड असता, तर बाहेरून वापरताना आलेली एरर योग्यच ठरली असती. तुझा पब्लिक आहे. म्हणजे आधी बरोबर चालणारं नव्या आवृत्तीत बिघडलं. यालाच रिग्रेशन म्हणतात.

आता ते सिद्ध कर. प्रोजेक्टमधलं एकेक काढत जा, एरर टिकून राहील इतपतच कोड ठेव. दोन क्लास आणि एक ऑब्जेक्ट, पंधरा ओळींत बसायला हवं. मग चांगली आणि बिघडलेली आवृत्ती यांच्या मधोमधची आवृत्ती तपास, चूक ज्या अर्ध्यात असेल ते पुन्हा अर्धं कर. हजार बदल असले तरी दहाएक चाचण्यांत नेमका बदल सापडतो. आवृत्ती, कंपायलरला दिलेले पर्याय, पूर्ण एरर जोडून कंपायलर बनवणाऱ्यांकडे बग (चूक) नोंदव. मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा मी ही नोंद आधी वाचेन.

वडिलांना जकार्डचं, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागाचं उदाहरण दे. पुठ्ठ्यात एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत तीच चूक उमटते. कंपायलरचंही तसंच, म्हणून ती चूक शोधणाऱ्याला पगार मिळतो. बेंगळुरू-हैदराबादेत चिप कंपन्यांच्या कंपायलर टीम आहेत. जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. म्हणून कॅम्पसमधून पुण्याची नोकरी मिळाली तर सोडू नकोस. गेट या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासक्रमात कंपायलर डिझाइन आहेच, एम.टेक.चा रस्ता तिथून जातो. जीसीसी आणि एलएलव्हीएम हे खुले कंपायलर प्रकल्प गूगल समर ऑफ कोड या उपक्रमात विद्यार्थी घेत आले आहेत, मानधनही मिळतं.

पंधरा ओळी झाल्या की मला पाठव. नोंदवण्याआधी एकदा मिळून वाचू.