एकाच पीडीएफमध्ये राणी रंग एका पानावर उजळ आणि दुसऱ्यावर मंद का दिसतो?

प्रश्न : एका पैठणीच्या दुकानासाठी मी इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ पानांचा कॅटलॉग करीत आहे. ‘हाय क्वालिटी प्रिंट’ या प्रीसेटने (तयार सेटिंगने) पीडीएफ काढली, तेव्हा काही पानांवर राणी रंग आणि चिंतामणी (निळा) अगदी मूळ छायाचित्राप्रमाणे दिसले. पण जेथे छायाचित्राखाली सावली दिली आहे, तेथे तेच रंग मळकट दिसले. दुकानदारांना उजळ पाने पसंत आहेत. पुढे प्रेसच्या सांगण्यावरून ‘कन्व्हर्ट टू डेस्टिनेशन’ निवडून सीएमवायके (छपाईच्या सायन, मॅजेंटा, पिवळ्या आणि काळ्या शायांची) पीडीएफ दिली, तर सगळीच पाने मंद झाली आणि प्रूफमध्ये (नमुना छपाईत) बारीक काळ्या अक्षरांना रंगीत किनार आली. काय करावे?
— एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : आपण दोन्ही प्रकारची पाने शेजारी ठेवून पाहिलीत हे फार बरे झाले, कारण उलगडा त्या तुलनेतच आहे. मंद दिसणारे पान बिघडलेले नाही. कागदावर साधारण काय उतरेल, ते तेच पान दाखवत आहे. ‘हाय क्वालिटी प्रिंट’ हा प्रीसेट रंगांचे रूपांतर करीत नाही, त्यामुळे उजळ पानावरचे छायाचित्र अजून आरजीबीमध्येच (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या रंगांत) आहे आणि पडदा ते आपल्या पूर्ण प्रकाशासह दाखवतो. सावली मात्र पारदर्शक असते. ती खालच्या रंगात मिसळण्यासाठी इनडिझाइन ‘एडिट’ मेनूतील ‘ट्रान्सपरन्सी ब्लेंड स्पेस’चा आधार घेते आणि तेथे ‘डॉक्युमेंट सीएमवायके’ असेल, तर सावलीबरोबर त्या पानावरचे बाकीचे रंगही सीएमवायकेच्या मर्यादेत दाखवले जातात. तेथे आरजीबी निवडले की पाने उजळ दिसतील, पण तसे करू नये. छपाईच्या वेळी रंग उतरायचे ते उतरतीलच, शिवाय त्या पानांवरची काळी अक्षरे चारही शायांच्या प्लेटांत विभागली जाण्याचा धोका वाढेल.

म्हणून मंद पान प्रमाण माना आणि रूपांतर प्रेसवर न सोडता स्वतःच्या डोळ्यांदेखत करा. सातपूर असो वा अंबड, जेथे छपाई होणार आहे त्या प्रेसला आधी कागद आणि प्रोफाइल (त्या छपाईत रंग कसे उतरतात याची नोंद असलेली फाइल) विचारा. त्यांचे स्वतःचे प्रोफाइल नसेल, तर आर्ट पेपरसाठी ‘कोटेड फोग्रा ३९’ चालेल का, हे त्यांच्याकडून पक्के करून घ्या; त्यात चारही शायांची बेरीज ३३० टक्क्यांच्या आत ठेवतात. हे प्रोफाइल लावून ‘व्ह्यू’ मेनूतील ‘प्रूफ कलर्स’ चालू ठेवूनच काम केले, म्हणजे एक्सपोर्टनंतर धक्का बसत नाही. छायाचित्रकाराने अॅडोबी आरजीबीमध्ये दिलेल्या फोटोचे प्रोफाइल वाटेत गळले असेल, तर तो फोटो मुळातच फिका दिसतो, तेही एकदा तपासा.

खरी मेहनत राणी रंगावर आहे. रेशमाचा हा रंग सीएमवायकेच्या आवाक्याबाहेरचा असल्याने ढोबळ रूपांतरात पदराच्या घड्या पुसल्या जातात आणि तेथे एकसारखा सपाट डाग उरतो. फोटोशॉपमध्ये रूपांतर करताना ‘परसेप्च्युअल’ हा पर्याय निवडून पाहा. रंग थोडा आणखी उतरतो, पण घड्या टिकतात, आणि साडी विकत घेणाऱ्याला घड्या दिसणे मला अधिक मोलाचे वाटते. नंतर घडीच्या उजेडातल्या भागावर कर्सर धरून माहितीच्या (‘इन्फो’) पॅनेलमधले आकडे वाचा. मॅजेंटा ९५ असून सायन १५-२० असेल, तर मळकटपणा त्या सायनमुळे आहे. तो उजेडाच्या भागात ५ पर्यंत खाली आणा आणि सावलीच्या भागात तसाच राहू द्या. लगेच फरक दिसेल. चिंतामणी जांभळट होत असेल, तर सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारखे झाले आहेत असे समजा. मॅजेंटा सायनपेक्षा किमान ३० ने कमी हवा. मुखपृष्ठावर राणी रंग तंतोतंत हवाच असेल, तर खास शाईची पाचवी प्लेट हाच उपाय आहे आणि तिचा खर्च दुकानदारांना आधी सांगावा.

अक्षरांच्या किनारीचे कारण वेगळे आहे. आपल्या दस्तऐवजाचे सीएमवायके प्रोफाइल आणि डेस्टिनेशनचे प्रोफाइल भिन्न असावे. अशा वेळी ‘कन्व्हर्ट टू डेस्टिनेशन’ शुद्ध १०० टक्के काळ्याचेही चार शायांत रूपांतर करते, आणि प्लेट केसभर सरकली तरी किनार दिसते. त्याऐवजी ‘कन्व्हर्ट टू डेस्टिनेशन (प्रिझर्व्ह नंबर्स)’ निवडा. पीडीएफ तयार झाली की अॅक्रोबॅट प्रोमधील ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये काळी प्लेट बंद करा, मजकूर पूर्ण नाहीसा झाला, तर अक्षरे निर्दोष आहेत. तेथेच शायांची बेरीजही तपासता येते.

दुकानदारांची संमती मोबाइलवरच्या पीडीएफवर घेऊ नका. त्याच कागदावरचे प्रूफ, शक्य तर ठरलेल्या लॅमिनेशनसह, मूळ पैठणीशेजारी दिवसाच्या उजेडात ठेवा, कारण मॅट लॅमिनेशनने रंग आणखी थोडा दबतो. धूपछांव रेशीम हलवले की रंग बदलते. कागदाला ते जमणार नाही, हे त्यांना त्याच वेळी दाखवा आणि प्रूफवर सही घ्या.